सिंपलप्लेन्समध्ये एफ-८२ ट्विन मस्टँग: मधल्या पंखापासून सुरुवात

सिंपलप्लेन्स या विमाने जोडून उडवण्याच्या गेममध्ये दोन धडांचे विमान करायला बसलेला नवा खेळाडू बहुधा एकच वाट धरतो. आधी एक पी-५१ मस्टँग (एकाच धडाचे लढाऊ विमान) बांधतो, त्याची प्रत काढतो, दोन्ही शेजारी ठेवतो आणि मध्ये एक पंख टाकून जोडून देतो. लांबून पाहिले तर एफ-८२ ट्विन मस्टँग हे दोन धडांचे अमेरिकी लढाऊ विमान वाटते. धावपट्टीवर मात्र विमान एका अंगाला ओढते, हवेत गेले की कलते, आणि दोष नेमका कुठे आहे ते सापडत नाही, कारण दोन बाजू स्वतंत्रपणे जोडलेल्या असतात आणि त्यांच्यात कुठे केसभर फरक पडला आहे हे शोधायला दीडशे भाग उलगडावे लागतात.

मूळ विमानही असे दोन मस्टँग चिकटवून झालेले नाही. नॉर्थ अमेरिकन कंपनीत एडगर श्मूड यांच्या चमूने बी-२९ बाँबफेकी विमानांना जपानपर्यंत सोबत करता यावी म्हणून हा आराखडा केला. एवढ्या लांबच्या फेरीत एकटा वैमानिक थकतो, म्हणून वैमानिक दोन. प्रत्येक धड कॉकपिटच्या मागे सुमारे १.४५ मीटरने लांबवले. मधला पंख पूर्ण नवा केला, सहाही मशीनगन त्यात बसवल्या, आणि मागचा आडवा पंख दोन शेपटांच्या मध्ये टाकला. या विमानातले जे काही वेगळे आहे ते मध्यरेषेवर किंवा तिच्या आसपास आहे. म्हणून बांधणीही तिथूनच सुरू करायची: आधी मध्य, मग डावी बाजू, आणि उजवी बाजू मिररने (डाव्या बाजूची उलटी प्रत काढणाऱ्या सोयीने). हा क्रम पाळला की पुढच्या निम्म्या अडचणी उगवतच नाहीत.

कोणता प्रकार निवडायचा

नुसते ‘एफ-८२’ म्हणून चालत नाही. पी-८२बी मध्ये पॅकार्डने बनवलेली मर्लिन इंजिने होती. ई पासून पुढे ॲलिसन व्ही-१७१० आली. ई हे सोबतीचे लढाऊ विमान. एफ, जी आणि एच ही रात्रीची लढाऊ विमाने, ज्यांच्या मधल्या पंखाखाली रडारचा लांबलचक पॉड (डबा) लटकतो आणि उजव्या कॉकपिटमध्ये वैमानिकाऐवजी रडार चालवणारा बसतो. हा पॉड प्रोपेलरच्याही पुढे जातो, कारण फिरती पाती रडारच्या आड यायला नकोत. नावातला ‘पी’ जाऊन ‘एफ’ आला तो १९४८ मध्ये, त्यामुळे जुन्या आराखड्यांवर पी-८२ लिहिलेले दिसले तर गोंधळू नका.

पहिल्यांदा बांधणाऱ्याने ई घ्यावे असे वाटणे साहजिक आहे, कारण आकार स्वच्छ आहे. पण जी मध्ये एक मोठी सोय आहे, आणि ती कॉकपिटच्या भागात कळेल. आकाराची बारीक कामे आवडत असतील तर ई, विमान लवकर उडवायचे असेल तर जी.

आराखडा आणि माप

समोरून, बाजूने आणि वरून अशी तीन चित्रे असलेला आराखडा मिळवा. डिझायनरमध्ये (गेममधल्या विमान जोडण्याच्या पडद्यावर) चित्र मागे लावण्याची सोय वापरता येत असेल तर तिन्ही लावा. फोनवर बांधत असाल तर आराखडा दुसऱ्या पडद्यावर ठेवा आणि प्रत्येक माप गुणोत्तराने काढा: चित्रात पंखांची टोके किती सेंटिमीटर अंतरावर आहेत ते मोजा, आणि तेवढे म्हणजे १५.६२ मीटर असे धरा. दोन धडांच्या मध्यरेषांतले अंतर, प्रोपेलरचा व्यास, शेपटाची उंची, सगळे याच प्रमाणात निघेल.

एक चूक इथे हमखास होते. जी ची लांबी १२.९३ मीटर अशी छापलेली असते. ती पॉडच्या टोकापासूनची आहे. धडाचे नाक पॉडच्या मागे राहते. ही लांबी धडालाच दिली तर विमान काडीसारखे लांबट होते आणि शेपूट इतके मागे जाते की पुढचे वजनाचे सगळे गणित चुकते. म्हणून माप नेहमी पंखांच्या विस्तारावरून ठरवा, लांबीवरून नाही.

हे आकडे जवळ लिहून ठेवा, शेवटी पडताळणीला लागतील (सगळे जी प्रकाराचे): पंखांचा विस्तार १५.६२ मीटर, उंची ४.२२ मीटर, पंखांचे क्षेत्रफळ ३७.९ चौरस मीटर, रिकामे वजन सुमारे ७,२५० किलो, भरलेले वजन सुमारे ११,६०० किलो, इंजिने दोन, प्रत्येकी १,६०० अश्वशक्ती, कमाल वेग सुमारे ६,४०० मीटर उंचीवर ताशी ७४० किलोमीटर.

पायरी १: मुख्य कॉकपिट मध्यरेषेवर

खरा वैमानिक डाव्या धडात बसतो, म्हणून मुख्य कॉकपिट डाव्या धडात ठेवायचा मोह होतो. तो टाळा. गेममध्ये विमानाचा प्रत्येक भाग शेवटी मुख्य कॉकपिटशी जोडलेला असावा लागतो, आणि मिररचा अक्षही विमानाच्या मध्याशी बांधलेला असतो. कॉकपिट एका बाजूला गेले की मिरर वाकडा पडण्याची शक्यता निर्माण होते आणि दोन धडांतले अंतर हाताने जुळवत बसावे लागते.

यादीतले सर्वांत लहान कॉकपिट घ्या, ते बरोबर मध्यरेषेवर ठेवा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना धडाचा एकेक चपटा ठोकळा जोडा. हा ठोकळा म्हणजे मधल्या पंखाचा गाभा. आता प्रश्न कॉकपिट लपवण्याचा. जी बांधत असाल तर ते रडारच्या पॉडमध्ये आरामात मावते, हीच ती सोय. ई बांधत असाल तर मधला पंख धडाच्या ठोकळ्यांनी बाहेरून बनवा (खऱ्या विमानातही हा पंख चांगला जाड आहे) आणि प्रत्यक्ष उचल देणारा पंखाचा भाग त्या कवचाच्या आत ठेवा. कवचाआड असला तरी तो उचल देत राहतो.

दिसायला दोन बुडबुड्यांसारख्या काचा लागतील, त्या नंतर दोन्ही धडांवर नुसत्या आकार म्हणून बसवायच्या. आतून दिसण्यासाठी डाव्या काचेत कॅमेरा ठेवायचा; तो पुढे येईल.

पायरी २: फक्त डावे धड

मधल्या ठोकळ्यापासून डावीकडे धडांमधल्या अंतराच्या निम्मे अंतर मोजा आणि तिथे धडाचा पहिला ठोकळा लावा, पंख जिथे धडात शिरतो तिथला. इथून पुढे नाकाकडे आणि मागे शेपटाकडे जा. दहा-अकरा ठोकळ्यांत धड नीट जमते: नाकाचा शंकू, इंजिनाचे आवरण दोन तुकड्यांत, काचेखालचा भाग, पंखाचा भाग, रेडिएटरच्या पोटाचे दोन तुकडे, लांबवलेला मागचा भाग, आणि निमुळते शेपूट दोन किंवा तीन तुकड्यांत. याहून जास्त ठोकळे घातले तर वळण फार सुधारत नाही, आणि फोनवर गेम मंदावतो.

प्रत्येक ठोकळ्याचा पुढचा चेहरा आधीच्या ठोकळ्याच्या मागच्या चेहऱ्याशी रुंदी, उंची आणि कोपऱ्याचा प्रकार या तिन्हींत तंतोतंत जुळला पाहिजे. बहुतेकजण रुंदी-उंची जुळवतात आणि कोपरा विसरतात, मग सांध्यावर पायरी दिसते. मस्टँगचे धड वर्तुळाकार नाही. बाजू बऱ्यापैकी सपाट, माथा आणि तळ गोल. त्यामुळे सगळीकडे पूर्ण गोल कोपरा दिला तर विमान सिगारसारखे फुगीर दिसते. नाकाच्या शंकूला गोल, बाकीच्या धडाला वळणदार कोपरा ठेवा.

पोटाखालची हवेची खोबण प्रत्येक धडाला वेगळी आहे, म्हणजे एकूण दोन. मागचा भाग साध्या मस्टँगपेक्षा लांब आहे हे नजरेला जाणवले पाहिजे. काचेच्या मागच्या कडेपासून शेपटाच्या उभ्या पंखापर्यंतचे अंतर आराखड्याशी पुन्हा पडताळा. उभ्या पंखाच्या पुढे धडाच्या पाठीवरून चढत जाणारी लांब कड आहे. ती छोटी वाटते, पण ती नसली की मॉडेल पाहणाऱ्याला काहीतरी चुकल्यासारखे वाटत राहते.

पायरी ३: पंख

एकूण ३७.९ चौरस मीटरपैकी जवळजवळ चौथा हिस्सा, म्हणजे साधारण ९.५ चौरस मीटर, दोन धडांच्या मधला आहे. उरलेल्यातून बाहेरच्या प्रत्येक पंखाला सुमारे १४.२ येतात. हे प्रमाण ध्यानात ठेवले तर मधला पंख शोभेपुरता करण्याची चूक होत नाही. तो उचल देणारा खरा पंख आहे.

मधल्या पंखाची पुढची-मागची रुंदी दोन्ही टोकांना सारखी ठेवा. बाहेरचे पंख टोकाकडे निमुळते होतात आणि समोरून पाहिल्यास किंचित वर उचललेले असतात. कोन समोरच्या चित्रावरून घ्या. छेदाच्या पर्यायांत अर्धसममित छेद निवडा. मस्टँगचा पंख त्या काळच्या कमी ओढ देणाऱ्या छेदाचा होता आणि सपाट तळाचा पर्याय त्याच्यापासून फार दूर जातो: वेग वाढला की नाक आपोआप वर चढायला लागते.

हलणारे भाग असे द्या. एलेरॉन (विमान कलवणारी पट्टी) बाहेरच्या पंखांच्या टोकाकडच्या अर्ध्या भागात, इनपुट रोल. फ्लॅप (कमी वेगात उचल वाढवणारी पट्टी) बाहेरच्या पंखाच्या आतल्या भागात आणि मधल्या पंखावर, इनपुट पडद्यावरची व्हीटीओएल नावाची सरकपट्टी, कमाल कोन ३० ते ४० अंश. एलेव्हेटर (नाक वर-खाली करणारी पट्टी) मागच्या आडव्या पंखावर, इनपुट पिच. रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारी पट्टी) दोन्ही उभ्या पंखांवर, इनपुट यॉ. आडवा पंख दोन शेपटांच्या मध्येच असतो, बाहेर डोकावत नाही. अनेक मॉडेल्समध्ये तो सवयीने बाहेर काढलेला दिसतो.

एफ-८२ रोलमध्ये जड का, हे इथे समजून घेतलेले बरे. एकाच धडाच्या विमानात इंजिन आणि इंधन मध्यरेषेवर असते. इथे दोन्ही इंजिने मध्यापासून दूर आहेत, आणि फिरण्याला होणारा विरोध अंतराच्या वर्गाने वाढतो: अंतर दुप्पट झाले की विरोध चौपट. म्हणून एलेरॉन टोकापर्यंत न्या आणि त्याला पुरेशी रुंदी द्या. विमान तरीही पी-५१ सारखे चटकन फिरणार नाही, आणि फिरू नये. रोल वाढवायला जायरोस्कोप (विमान स्वतः फिरवणारा आणि सावरणारा भाग) टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो पाळू नका. जायरो विमानाचे खरे दोष झाकतो आणि पुढच्या चाचण्या निरुपयोगी करतो.

पायरी ४: मिरर

डाव्या बाजूचा सांगाडा, पंख, शेपूट आणि चाकांचे पाय (पायरी ७ पाहा) झाले की आधी विमान वेगळ्या नावाने जतन करा, मग डावीकडून उजवीकडे मिरर करा. मिरर पुन्हा केला की उजव्या बाजूला हाताने केलेले काम जाऊ शकते, त्यामुळे रंगाच्या पट्ट्या, अक्षरे आणि विमान क्रमांक सगळ्यात शेवटी. भागांपासून बनवलेली अक्षरे मिररमध्ये उलटी उमटतात.

मिररनंतर तीन गोष्टी तपासा.

१. आडवा पंख आणि मधला पंख मध्यावर खरोखर जोडले गेले आहेत का. जोडणीच्या खिडकीत सांधा दिसला पाहिजे, नुसते एकमेकांना टेकलेले असून उपयोग नाही.

२. दोन्ही रडर एकाच दिशेला वळतात का. मिररने एक रडर उलटला असेल तर दोन्ही एकमेकांविरुद्ध वळतात. विमान वळत नाही, फक्त ब्रेक लागल्यासारखे मंदावते. ज्याचे चुकले आहे त्याच्या सेटिंगमध्ये इन्व्हर्ट बदला.

३. नियंत्रणाची कांडी मागे ओढली की एलेव्हेटरची मागची कड दोन्ही अर्ध्यांत वर जाते का.

या गेममध्ये धडाचे ठोकळे आणि पंख मिळून एकच ताठ शरीर होते. सैल सांधे फक्त रोटेटर (फिरवणारा), डिटॅचर (सुटा करणारा), शॉक (धक्का शोषणारा) अशा हलत्या भागांपाशी येतात. म्हणून दोन धडांच्या मध्ये पंख पुरेसा मजबूत आहे का ही चिंता इथे नको. मात्र मध्यरेषा आणि धड यांच्यामध्ये कुठेही रोटेटर येऊ देऊ नका. आला तर एक धड दुसऱ्याच्या तुलनेत डोलू लागेल आणि वेग वाढला की विमान तुटेल.

पायरी ५: इंजिने

पात्यांची संख्या आणि शक्ती बदलता येणारे प्रोपेलर इंजिन घ्या, शक्ती १,६०० अश्वशक्ती, पाती चार. प्रोपेलरचा व्यास आराखड्यावरून. दोन प्रोपेलरच्या वर्तुळांमध्ये मधल्या मशीनगनांसाठी आणि पॉडसाठी जागा मोकळी राहते ना, ते समोरून पाहा.

फिरण्याची दिशा हा या विमानाच्या इतिहासातला सर्वांत बोलका धडा आहे. एक्सपी-८२ या पहिल्या नमुन्यावर प्रोपेलर अशा दिशेने लावले होते की मधल्या पंखाजवळ पाती खालून वर जात. १९४५ मध्ये पहिल्या प्रयत्नाला विमान जमीन सोडेना. मधल्या पंखापाशी हवेचा प्रवाह असा बिघडत होता की एकूण क्षेत्रफळाच्या चौथ्या हिश्श्याची उचल जवळजवळ वाया जात होती. मग इंजिने आणि प्रोपेलर डाव्याचे उजवीकडे, उजव्याचे डावीकडे केले, म्हणजे मध्यापाशी पाती वरून खाली येऊ लागली, आणि विमान उडाले. गेममध्ये उलटे लावले तरी विमान उडते, पण दिशा खरी ठेवा: विमानाच्या मागून पाहिले असता डावा प्रोपेलर घड्याळाच्या काट्याप्रमाणे आणि उजवा उलट. मिररनंतर दोन्ही दिशा डोळ्यांनी पाहून खात्री करा.

डाव्या इंजिनाला ॲक्टिव्हेशन गट (भाग चालू-बंद करण्याचे बटण) १ आणि उजव्याला गट २ द्या. एकच इंजिन बंद करून उडवायची चाचणी यामुळेच शक्य होते.

पायरी ६: वजन आणि गुरुत्वमध्य

गुरुत्वमध्य, उचलीचा मध्य आणि थ्रस्टचा (इंजिनांच्या जोराचा) मध्य दाखवणारी खूण चालू करा. गुरुत्वमध्य उचलीच्या मध्याच्या थोडा पुढे हवा. फार पुढे असला तर उतरताना नाक वर राहत नाही आणि सतत ट्रिम (नाक वर-खाली धरून ठेवणारी बारीक दुरुस्ती) द्यावी लागते. मागे असला तर कांडी जरा ओढली की विमान उलटे फिरते आणि सावरत नाही. समोरून पाहता तिन्ही खुणा बरोबर मध्यरेषेवर असल्या पाहिजेत. एखादी डावी-उजवीकडे सरकली असेल तर उडवण्यापूर्वीच कारण शोधा; बहुतेक वेळा एका धडात इंधन भरलेले असते आणि दुसऱ्यात नसते, किंवा एखादा भाग मिररबाहेर राहून गेलेला असतो.

थ्रस्टचा मध्य गुरुत्वमध्यापेक्षा बराच वर असेल तर थ्रॉटल वाढवताच नाक खाली जाते. अशा वेळी इंजिन हलवू नका, आकार बिघडतो. रेडिएटरच्या पोटातले फुकटचे वजन काढून ते धडाच्या मधल्या उंचीवर ठेवा, म्हणजे गुरुत्वमध्य वर येतो.

रिकामे वजन ७,२५० किलोच्या जवळ आणायचे आहे. ठोकळ्यांच्या सेटिंगमध्ये जादा वजन घालता येते. ते दोन्ही धडांत समान आणि शक्यतो पंखाच्या आसपास घाला. इंधनही गुरुत्वमध्याजवळच, पंखांत आणि मधल्या ठोकळ्यांत. लांबवलेल्या शेपटात इंधन भरले तर भरलेल्या टाकीला विमान शेपूट-जड आणि रिकाम्या टाकीला नाक-जड होते. म्हणून इंधन १०० टक्के आणि जवळजवळ शून्य अशा दोन्ही स्थितींत खुणा पाहा. गुरुत्वमध्य दोन्ही वेळा उचलीच्या मध्याच्या पुढेच राहिला पाहिजे.

आता पडताळणी. भरलेल्या वजनाला क्षेत्रफळाने भागले की दर चौरस मीटरला सुमारे ३०६ किलो येतात, आणि एकूण ३,२०० अश्वशक्तीने भागले की दर अश्वशक्तीला सुमारे ३.६ किलो. तुमच्या मॉडेलचे हे दोन आकडे दहा टक्क्यांच्या आत असतील तर उडण्याचा स्वभाव एफ-८२ च्या जवळ जाईल. दुसरा आकडा २ च्या खाली आला असेल तर विमान फार हलके झाले आहे. ते रॉकेटसारखे चढेल, पण ते एफ-८२ राहणार नाही.

पायरी ७: चाके

दोन मुख्य चाके, दोन शेपटाची चाके. मुख्य पाय प्रत्येक धडाखालून आत, मध्याच्या दिशेने दुमडतात. पायाची लांबी आणि चाकाची त्रिज्या मिळून दोन धडांतल्या अंतराच्या निम्म्याहून कमी हवी, नाहीतर दोन्ही चाके मध्ये आदळतात. रोटेटरला ९० अंश आणि लँडिंग गिअरचे इनपुट द्या, वेग कमी ठेवा. झटक्याने दुमडणारा पाय विमानाला हिसका देतो.

मुख्य चाक पुढे-मागे कुठे हवे? विमान समपातळीत धरा. गुरुत्वमध्यातून खाली उभी रेघ काढा, आणि गुरुत्वमध्यातून चाक जमिनीला टेकते त्या बिंदूपर्यंत दुसरी. या दोन रेघांत सुमारे १६ ते २५ अंशांचा कोन हवा, चाक पुढे. कमी असेल तर ब्रेक लावताच विमान नाकावर पडते आणि प्रोपेलर मोडतात. जास्त असेल तर शेपूट उचलत नाही. प्रोपेलरच्या टोकाखाली विमान समपातळीत असताना निदान २३ सेंटिमीटर मोकळी जागा ठेवा. शेपूटचाकी विमानांसाठी अमेरिकी नियमात हाच किमान आकडा होता.

चारही चाके एकाच वेळी जमिनीला टेकली पाहिजेत. शेपटाचे एक चाक दुसऱ्यापेक्षा दोन सेंटिमीटर जरी उंच असले तरी धावताना विमान हळूहळू एका बाजूला सरकते, आणि लोक दोष रडरला देतात. दोन्ही शेपूट-चाकांना यॉचे इनपुट द्या आणि ती एकाच दिशेला वळतात ना ते पाहा. उभे असताना पाय थरथरत असेल तर रोटेटरनंतरचा भाग फार हलका आहे. त्याचे वजन वाढवा.

पायरी ८: मशीनगन आणि कॅमेरा

अर्धा इंच व्यासाच्या सहा मशीनगन, सगळ्या मधल्या पंखाच्या पुढच्या कडेत, समान अंतरावर. पंखांत दूरदूर गन असलेल्या विमानात गोळ्या ठराविक अंतरावर एकत्र आणण्यासाठी त्या आत वळवाव्या लागतात. इथे त्या इतक्या जवळ आहेत की सरळ पुढे रोखल्या तरी चालते, आणि लांब-जवळच्या दोन्ही लक्ष्यांवर मारा एकवटलेला राहतो.

अडचण कॅमेऱ्याची आहे. तुम्ही डाव्या धडातून पाहता आणि गोळ्या तुमच्या उजवीकडून सुटतात. कॅमेरा सरळ पुढे असेल तर गोळ्या कायम उजवीकडून जाणार. मध्यापासून कॅमेरा दोन मीटर दूर धरला आणि ३०० मीटरवर नेम जुळवायचा असला तर कॅमेरा सुमारे ०.४ अंशाने उजवीकडे, आत वळवा. गन वळवू नका. दुसरे म्हणजे, उजवीकडे रोल घेताना डाव्या कॉकपिटमधला माणूस वर उचलला जातो आणि डावीकडे घेताना खाली जातो. पडद्यावर ते विमान घसरल्यासारखे वाटते. तो दोष नाही. सवय होईपर्यंत बाहेरचा कॅमेरा वापरा.

बाहेरच्या पंखांखाली जादा इंधनाच्या टाक्या लावायच्या असतील तर डिटॅचर दोन्ही बाजूंना एकाच गटात ठेवा. एका बाजूची टाकी सुटली आणि दुसरी राहिली तर काय होते ते खऱ्या विमानानेही अनुभवले आहे: फेब्रुवारी १९४७ मध्ये ‘बेटी जो’ नावाचे पी-८२बी हवाईहून न्यूयॉर्कपर्यंत न थांबता १४ तास ३२ मिनिटांत गेले, ८,००० किलोमीटरहून जास्त, आणि वाटेत चारपैकी तीन टाक्या सुटल्याच नाहीत. त्या लटकत्या टाक्या वाहतच विमानाने अंतर कापले.

पायरी ९: चाचणी उड्डाण

एकदम पूर्ण थ्रॉटल देऊन उडवू नका. आधी अर्ध्या थ्रॉटलवर धावपट्टीवर सरळ धावा आणि थांबा. विमान सरळ जात नसेल तर चाके पाहा, पंख नाही. या वेगाला पंखांचा फारसा हात नसतो. मग वेग वाढवून शेपूट उचलू द्या आणि पुन्हा थांबा. अशी वेगवान धावचाचणी खऱ्या विमानांचीही होते. अमेरिकेत अनेक वर्षे खपून दुरुस्त केलेले एक्सपी-८२ ३१ डिसेंबर २०१८ रोजी अशाच चाचणीत इतक्या चटकन वेग घेऊ लागले की वैमानिकाने ते तिथेच उडवले.

उड्डाणानंतर चाके वर, फ्लॅप आत, थ्रॉटल तीनचतुर्थांश, आणि कांडी सोडा. विमान सावकाश वर किंवा खाली गेले तर ट्रिमने भागते. एका बाजूला कलत गेले तर उतरा आणि समोरून तिन्ही खुणा पुन्हा पाहा. नाक डोलत राहिले, वर-खाली-वर, तर गुरुत्वमध्य उचलीच्या मध्याला फार चिकटला आहे. दोन्ही नाकांत थोडे वजन वाढवा. फ्लॅप उघडताच नाक जोरात खाली गेले तर मधल्या फ्लॅपचा कोन दहा अंशांनी कमी करा, कारण नाक दाबण्यात सर्वांत मोठा वाटा त्याचा असतो.

पुरेशी उंची घेऊन थ्रॉटल बंद करा आणि नाक धरून वेग उतरू द्या. विमान नाक टाकून सरळ खाली यायला हवे. एक पंख आधी पडला तर बाहेरच्या पंखांची टोके आधी दमत आहेत. टोकांना एक-दोन अंश खाली वळवलेला पीळ दिला की सुधारते.

शेवटी गट २ बंद करून एका इंजिनावर उडवा. नाक बंद इंजिनाकडे, म्हणजे उजवीकडे वळेल. दोन्ही रडर डावीकडे पूर्ण दाबून विमान सरळ राहिले पाहिजे. राहत नसेल तर आधी वेग वाढवून पाहा, कारण रडरची ताकद वेगाच्या वर्गाने वाढते. ताशी २५० किलोमीटरच्या वरही जमत नसेल तर रडरची रुंदी वाढवा, उभ्या पंखाची उंची नाही. डावे बंद करून हीच चाचणी पुन्हा करा. दोन्ही वेळा लागणारा रडर सारखा असेल तर तुमच्या दोन्ही बाजू खरोखर सारख्या आहेत, आणि आता रंग द्यायला हरकत नाही: जी साठी काळा, आणि अक्षरे प्रत्येक धडावर वेगळी, हाताने.